लाखोळीबाई

कोणाचीही पेट्री प्लेट हातात आली की बाई ती आधी खिडकीच्या उजेडात धरत आणि विचारत, "यात जगलं कोण?" विद्यार्थी नेमका उलट्या टोकाने सुरू होई. जिवाणूंचा अमुक वाण मेला, तमुक वाण मेला, बहुधा द्रावण कडक झाले असावे, बहुधा उष्मपेटी तापली असावी. मरणाची कारणे आमच्याकडे नेहमी तयार असत. बाई ती पुरती ऐकूनही घेत नसत. "मेलं ते काहून मेलं, हे कोणीबी सांगते," त्या म्हणत. "जगलं ते काहून जगलं, ते सांग." उत्तर आले नाही तर प्लेट टेबलावर अशी आदळत की काचेच्या झाकणाचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू जाई, आणि व्हरांड्यातले लोक एकमेकांकडे बघून हसत.

आमच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातल्या इतर प्राध्यापिकांना 'मॅडम' म्हणण्याची रीत होती. आमच्या बाईंना ते चालत नसे. मॅडमला लोक पुढून खुर्ची देतात आणि मागून हसतात, बाई म्हटले की समोरच हसता येते, असे त्यांचे म्हणणे होते. लोक तरीही मागूनच हसत. मागे त्यांचे नाव लाखोळीबाई होते. हे नाव विभागप्रमुखांनी एकदा जिन्यात उभे राहून ठेवले आणि दुपारपर्यंत ते शिपायांनाही पाठ झाले. मी ते इथे मुद्दाम वापरते आहे. ज्यांनी ते टवाळीने घेतले त्यांतल्या एकालाही लाखोळीतले काही कळत नव्हते. तेव्हा ते नाव त्यांच्याकडे राहण्याचे कारण नाही.

नागपुरात लाखोळीची डाळ पाहिली नाही असा माणूस विरळा, आणि ती खाल्ल्याचे कबूल करणारा त्याहून विरळा. मौद्याच्या पुढे, भंडाऱ्याच्या बाजूला, धान कापणीला येते तेव्हा उभ्या धानातच ओल्या चिखलावर हिचे बी फेकतात. नांगरट नाही, खत नाही, वरून पाणी नाही; तरी पीक येते. डाळ दिसायला तुरीसारखी आणि तुरीहून पुष्कळ स्वस्त. विष त्या दाण्यातच असते. महिनोन्महिने हीच डाळ पोटात गेली तर पायांतले बळ जाते, टाचा जमिनीवरून उचलल्या जातात, गुडघे एकमेकांवर घासतात, आणि ते पाय पुन्हा सरळ होत नाहीत. तिच्या विक्रीवर बंदी होती. ती बंदी असताना लाखोळी तुरीच्या डाळीत मिसळून आणि बेसनात दळून खुशाल विकली जात होती. चवीपुरती आम्ही सगळ्यांनीच खाल्ली. पाय गेले ते ज्यांना वर्षाची मजुरी म्हणून हीच डाळ मापून मिळे, त्यांचे.

मी एम.एस्सी.ला पहिली आले होते आणि मला सोयाबीनवर काम करायचे होते. सोयाबीन त्या वेळी सगळ्यांच्या तोंडी होते. त्याच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या जिवाणूंची पाकिटे करून शेतकऱ्यांना वाटायची, अशी मोठी योजना येऊ घातली होती, आणि जो त्या योजनेत शिरेल तो पुढे कुठे जाईल हे मी नीट हिशेब करून ठेवले होते. प्रमुखांनी माझा अर्ज वाचला. ते म्हणाले की या कामात फिरती फार असते, मुलींची लग्ने होतात, योजना अर्धी राहते. त्यापेक्षा खाली बाईंकडे जा, तिथे घरच्यासारखे वातावरण आहे. घरच्यासारखे म्हणजे तळमजल्यावरची मागची खोली, दोन टेबले आणि दाराचा रबर सैल झालेला एक फ्रिज. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी वडिलांनी विषय ऐकला आणि विचारले, "लाखोळीची डॉक्टर? मग लग्नपत्रिकेवर काय छापू?" आईने एवढेच विचारले, की डाळ भिजवलेले गरम पाणी तुम्ही फेकून देता ना. ते फेकायचे असते हे तिला कसे ठाऊक, हे मी विचारले नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावे नव्हती.

दाण्यातले विष त्या पाण्यात उतरते, पण बाई ते पाणी फेकत नसत. त्यांचे सगळे संशोधन त्या पाण्यावर उभे होते. प्रश्न सांगायला सोपा आहे. लाखोळीचे झाड विष तयार करते. त्याच झाडाच्या मुळांवर गाठी असतात आणि गाठींत जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र झाडाला देतात, झाड त्यांना साखर देते. म्हणजे ज्याच्या जिवावर झाड उभे आहे त्यालाच ते विषाच्या शेजारी राहायला लावते. तो मरत कसा नाही? बाईंच्या मते तीनच शक्यता होत्या: तो विष आत येऊच देत नाही, किंवा आत आलेले सोसतो, किंवा ते फोडून संपवतो. पहिल्या दोन शक्यतांना त्या एकाच नावाने ओळखत. दोन्हींत विष तसेच शिल्लक राहते, म्हणून दोन्ही त्यांच्या लेखी सोसणेच होते.

कोणता जिवाणू सोसतो आणि कोणता संपवतो हे ओळखण्याची त्यांची रीत मला आजही देखणी वाटते. लाखोळीच्या पाण्यात तो जिवाणू काही दिवस वाढवायचा. मग ते पाणी चिनी मातीच्या गाळणीतून गाळून जिवाणू काढून टाकायचे. उकळायचे नाही, कारण उकळले तर विषच बदलते. उरलेल्या स्वच्छ पाण्यात एक दुबळा वाण सोडायचा, जो या विषात हमखास मरतो. दुबळा मेला तर विष तसेच आहे. दुबळा जगला तर आधीच्याने ते संपवले. पहिली दोन वर्षे आमचा दुबळा वाण मरत राहिला. गाठींतले बहुतेक जिवाणू विषात मजेत वाढत, आणि त्यांच्यामागून आलेला मरे. शिवाय हे सोसणे फुकट नव्हते. विष नसलेल्या साध्या पाण्यात तेच वाण इतरांपेक्षा मंद वाढत. जिवाणू वाढले की नळीतले पाणी गढूळ होते; एका दुपारी अशीच एक गढूळ न झालेली नळी बाईंनी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "हेबी सोशीकच निघालं. सोशीक लई झाले वं. स्वतः जगतात अन् भांड्यातलं विष मागच्यासाठी जसंच्या तसं ठेवून जातात."

बाई शांत असल्या की पुस्तकातल्यासारखे बोलत. रागावल्या की मौद्याच्या पुढच्या त्यांच्या गावाची भाषा तोंडात येई. त्यांच्या हाताखाली असताना मी ती भाषा उत्तम शिकले. "काय करून राहिली वं?" हे वाक्य पाठीमागून आले की मी हातातली पिपेट आधी खाली ठेवत असे. नळीच्या तोंडाशी ज्योत धरायला अर्धा क्षण उशीर झाला, कापसाचा बोळा टेबलावर टेकला, एखादे नाव पुसट लिहिले, की बाई फाडून खात. मी ते टिपून ठेवत असे, कारण वर्गीकरण करण्याची मला सवय आहे, आणि एक गोष्ट लवकरच माझ्या ध्यानात आली. बाईंचा राग माझ्यावर होई, शिपाई नामदेवरावांवर होई, गाळणीवर आणि उष्मपेटीवर होई. तो कधी जिना चढत नसे.

जिन्याच्या वर प्रमुखांची खोली होती. प्रमुख कधी आवाज चढवत नसत. ते बाईंना 'ताई' म्हणत आणि हसत हसत बोलत. ताई, तुमचे हे बंदीचे पीक मला एक दिवस तुरुंगात घालणार. ताई, शोधनिबंधावर माझे नाव पहिले राहू द्या, म्हणजे छापायला अडचण येत नाही. ताई, पाहुणे येणार आहेत, चहाचे तेवढे तुम्ही बघा, पुरुषांना ते जमत नाही. बाई निबंधावर नाव घालू देत. पाहुणे आले की वर जाऊन किटली हातात घेत आणि एकेकाला कप देत. मग खाली येऊन मला विचारत, की काल निर्जंतुक केलेल्या प्लेटा कोणत्या गाढवाने उघड्या ठेवल्या. त्यांच्या या दोन रूपांचा मेळ मला कधी घालता आला नाही, आणि खरे सांगायचे तर तो घालण्याची माझी इच्छाही नव्हती. मला राग येत होता. आधी प्रमुखांचा येत असे. पुढे पुढे बाईंचाही येऊ लागला.

वाणांना नावे देण्याची त्यांची पद्धत विभागात चेष्टेचा विषय होती. इतर सगळीकडे आकडे आणि इंग्रजी अक्षरे असत. बाई नळीवर ज्याच्या शेतातून गाठ आणली त्याचे नाव लिहीत. फ्रिज उघडला की आत गणपत, शेवंता, दौलत, बकाराम अशी माणसे रांगेत उभी दिसत. प्रमुखांनी याला ग्रामपंचायत म्हटले होते. बाई मला म्हणाल्या की आकडा विसरला तर काही वाटत नाही, माणूस विसरला तर लाज वाटते. म्हणून नाव लिहायचे.

हिवाळ्यात गाठी गोळा करायला आम्ही एस.टी.ने त्यांच्या गावाकडे जात असू. धान निघालेले, चिखल सुकत आलेला, आणि त्यावर लाखोळीची निळी फुले. बाई पदर खोचून बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या शेतात, उतरत आणि झाड मुळांसकट असे उचलत की मातीचा गोळा फुटत नसे. तिथे एका बांधीची मालकीण रुखमा होती. वयाने बाईंहून मोठी, बोलायला तिखट. आम्ही दिसलो की ती बांधावरूनच सुरू होई. "आली का वं मुळ्या उपटाले? डाळ आम्ही खायची अन् मुळ्या तुम्ही न्यायच्या. बराच वाटा काढला." बाई हसत नसत, चिडतही नसत. रुखमा जे बोलेल ते मान खाली घालून ऐकत आणि गाठी धूत राहत. माझ्यावर इतक्या सहज तुटून पडणारी बाई इथे गप्प का, हे मला तेव्हा समजले नव्हते.

एका मार्चमध्ये दुबळा वाण जगला. नळी सकाळी गढूळ दिसली. मी ती बाईंपुढे धरली. त्यांनी सवयीने खिडकीकडे नेली आणि सवयीनेच विचारले, जगले कोण. मी म्हटले, दुबळाच जगला आहे. आधीच्याने विष संपवले. आधीचा कोणता, असे त्यांनी विचारले तेव्हा मी नाव वाचले: रुखमा. बाई स्टुलावर बसल्या. त्या आता ओरडतील की मी गाळणीत चूक केली असेल, अशी माझी तयारी होती. त्यांनी फक्त नळी स्टँडमध्ये ठेवली आणि रुखमाच्या नवऱ्याबद्दल सांगितले. तो त्यांच्या वडिलांकडे सालदार होता. दरसाल त्याला मजुरी म्हणून लाखोळी मापून दिली जाई. माप बाईंच्या आई स्वतः धरीत. तो आधी काठी घेऊन चालू लागला, मग दोन काठ्या घेऊन, मग ओट्यावर बसला तो उठला नाही. "आमच्या घरी त्या काळात तूर शिजे," बाई म्हणाल्या. एवढेच. त्यानंतर लगेच त्यांचा आवाज नेहमीचा झाला आणि त्यांनी मला बजावले की एकदा घडले ते घडलेच नाही असे समजायचे, पुन्हा करायचे, पुन्हा तेच आले तर आणखी एकदा करायचे, आणि तोवर जिन्यावर एक शब्द जाता कामा नये.

आम्ही ते पुन्हा केले. पुन्हा रुखमा वाणाने विष संपवले. विष नेमके कसे फुटते, त्यातून काय उरते, हे शोधायचे बाकी होते, आणि माझा प्रबंध त्यावर होणार होता. सोयाबीन मी तोवर विसरले होते. त्या एका नळीत, आणि तिच्यापासून केलेल्या पाचसहा नळ्यांत, बाईंचे आयुष्य आणि माझे भविष्य फ्रिजमध्ये उभे होते. दाराचा रबर सैल म्हणून मी त्याला सुतळी बांधत असे.

पुढच्या हिवाळ्यात त्याच बांधीतून आणखी गाठी आणायला आम्ही गेलो आणि गावात मुक्काम केला. त्याच आठवड्यात सोयाबीनच्या योजनेसाठी पाहणी समिती येणार असल्याचे कळले होते. पण ती वरच्या मजल्यावर येणार होती, आमच्या खोलीशी तिचा संबंध नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी ओल्या मातीची पोती घेऊन आम्ही परतलो. फ्रिजला सुतळी नव्हती. आत सोयाबीनच्या जिवाणूंची पाकिटे नीट रचून ठेवली होती. आमच्या नळ्या मोरीजवळ, रॅकमध्ये पालथ्या घातल्या होत्या. स्वच्छ. थेंब गळून गेलेले. नामदेवरावांनी जे सांगितले ते साधे होते: साहेब म्हणाले, जागा पाहिजे, समितीपुढे बंदीचे पीक नको, जिवाणूंच्या नळ्या तशाच फेकता येत नाहीत, म्हणून आधी ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या, वाफेने सगळे जिवाणू मारले, मग धुतल्या. त्यांनी काम नियमाप्रमाणे केले होते. आमच्या विभागात तेवढे एकच काम त्या आठवड्यात नियमाप्रमाणे झाले असावे.

मी बाईंकडे पाहिले. एक प्लेट उघडी राहिली तर जी आकाशपाताळ एक करी, ती बाई काय करते हे मला बघायचे होते. बाईंनी एक नळी उचलली, उजेडात धरली, परत ठेवली. "धुतल्या चांगल्या," म्हणाल्या. मग हात धुतले आणि मातीची पोती सावलीत सरकवू लागल्या. मी विचारले, तुम्ही वर जाणार नाही? त्यांनी मान हलवली. मी पुन्हा विचारले. तेव्हा त्या पोत्यावरून न उठता म्हणाल्या, "मले सवय आहे वं."

त्या वाक्याने माझे डोके फिरले. मी बाईंशी त्याआधी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. "सवय तुम्हाला आहे, बाई," मी म्हटले. "तुमच्यामागून त्याच पाण्यात मला सोडलंय. मला सवय नाही." पुढे काही बोलण्याची गरज राहिली नाही. तो प्रयोग त्यांनीच रचलेला होता, आणि त्यात दुबळ्या वाणाचे काय होते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. बाई पोत्यावरून उठल्या. मला वाटले आता मार बसेल. त्यांनी काचेवर लिहायची पेन्सिल मागितली.

संध्याकाळपर्यंत आम्ही रिकाम्या नळ्यांवर नावे लिहीत होतो. नावे बाईंना सगळी पाठ होती; मी फक्त लिहीत होते. गणपत, शेवंता, दौलत, बकाराम. रुखमा लिहिताना त्यांनी पेन्सिल माझ्या हातातून घेतली.

दुसऱ्या दिवशी समिती वर प्रमुखांच्या खोलीत बसली होती. चहाची वेळ झाली तसा वरून निरोप आला, की ताईंना पाठवा. बाईंनी रॅक उचलला आणि जिना चढल्या. मी मागे होते. आत किटली टेबलावर तयार होती. बाईंनी किटली बाजूला सरकवली आणि तिथे रॅक ठेवला. प्रमुखांनी हसून ओळख करून दिली, की या आमच्या ताई, इतकी वर्षे आहेत, कधी कसली तक्रार नाही. समितीतल्या एकाने नळ्यांकडे पाहून विचारले, "यात काय आहे?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. शुद्ध भाषेत बोलायचे त्यांनी ठरवले असावे, पण ते दोन शब्दांपुरतेच टिकले. "यात लाखोळीचं विष संपवणारा जिवाणू होता. सायबांनी तो परवा उकडला. मले न विचारता. इतकी वर्षं मी तक्रार केली नाही, हे ते खरं सांगून राहिले. आता करते."

मग प्रमुख म्हणाले की ताई थकल्या आहेत, प्रवासातून आल्या आहेत. प्रश्न विचारणाऱ्याने आणखी एक प्रश्न विचारला, बाईंनी त्याचे नेमके उत्तर दिले, त्याने मान डोलावली. तेवढ्यात कोणीतरी पाकिटांचा विषय काढला आणि सगळे सुटल्यासारखे त्या विषयाकडे वळले. बाई किटलीला हात न लावता बाहेर आल्या. न्याय होतो अशी ज्यांची समजूत आहे त्यांच्यासाठी पुढचे सांगते. योजना मंजूर झाली. ती प्रमुखांनाच मिळाली. उन्हाळ्याआधी बाईंची बदली झाली ती अशा शाखेत, जिथे सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळाच नव्हती. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून प्रमुखांचे नाव आहे आणि विषय सोयाबीनचा आहे. मला हवे होते ते मला असे मिळाले.

एक बदल मात्र झाला, आणि शास्त्र म्हणून तो नोंदवायला हवा. त्यानंतर विभागातल्या कोणाच्याही फ्रिजला त्याच्या माघारी हात लागला नाही. खालच्या खोलीला कुलूप मिळाले आणि किल्ली माझ्याकडे आली. बाई गेल्यावर मी त्या किल्लीच्या जोरावर तीन हिवाळे रुखमाच्या बांधीतून गाठी आणल्या. रुखमाने दरवेळी वाटणीची तीच थट्टा केली, शेवटच्या खेपेला म्हणाली, "तुमची ती बाई काहून नाही आली? तिले म्हणा, माती इथंच आहे." त्या गाठींतून, आणि आधीच्या पोत्यांतल्या मातीतूनही, निघालेला प्रत्येक वाण मी तपासला. सगळे विषात वाढले, आणि सगळ्यांच्या मागे दुबळा मेला. तो वाण पुन्हा सापडला नाही. मातीत तो कुठेतरी असेल, किंवा नसेल. याहून जास्त बोलण्याचा मला अधिकार नाही.

बाई बदलीच्या गावी जायला निघाल्या त्या दिवशी मी त्यांना पोचवायला एस.टी. स्टँडवर गेले होते. बाईंच्या हातात एक ट्रंक आणि एक फिरकीचा तांब्या होता. रॅक त्यांनी मला दिला, वर्तमानपत्रात बांधून. मी प्रमुखांबद्दल बोलत होते, बदलीच्या हुकमाबद्दल, समितीतल्या त्या मान डोलावणाऱ्याबद्दल. मला थांबता येत नव्हते. बाईंनी ऐकून घेतले. गाडी लागली तेव्हा म्हणाल्या, "राग राहू दे. चांगला आहे तो. माझा सारा खालीच सांडला, तुझ्यावर, नामदेवरावावर. एकदाच वर नेला, तो बी उशिरा. तू खाली सांडू नको वं." मग खिडकीतून डोके बाहेर काढून त्यांनी विचारले, की उष्मपेटी बंद करून आलीस ना.

मागच्या वर्षी बाई गेल्याची बातमी आली. विभागात शोकसभा ठेवली गेली, वर, त्याच खोलीच्या शेजारच्या सभागृहात. मी आता तिथे अधिव्याख्याता आहे, म्हणून बोलणाऱ्यांत माझे नाव होते. प्रमुख निवृत्त झाले आहेत, पण अध्यक्षस्थानी त्यांनाच बोलावले होते. एकामागून एक सगळे बोलले आणि सगळ्यांना तोच एक शब्द सापडला होता. बाई सोशीक होत्या. फार सोशीक. असा सोशीकपणा आता पाहायला मिळत नाही, असे अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुसला. माझी पाळी येण्याआधी मी उठून खालच्या खोलीत गेले. मी कपाटातून रॅक काढला आणि जिना चढले.

रॅक अध्यक्षांपुढे टेबलावर ठेवला. पेन्सिलची अक्षरे अजून वाचता येतात. माझ्याकडे तयार केलेले भाषण होते. मी ते वाचले नाही. मी एवढेच म्हटले, "सोशीक आमच्याकडे पुष्कळ होते. फ्रिज भरून होते. बाई शोधत होत्या तो दुसरा." आणि मी जागेवर जाऊन बसले. टाळ्या शोकसभेत वाजवत नाहीत, हे सगळ्यांच्या सोयीचे होते.

मग चहा आला. किटली अध्यक्षांच्या टेबलावर, रॅकशेजारी ठेवली गेली. मागच्या बाकांवरच्या आमच्या विद्यार्थिनी सवयीने उठल्या. मी मान वळवून म्हटले, "बसा गं." त्या बसल्या. पुरुष एकमेकांकडे पाहू लागले, कोणीतरी घसा साफ केला, कोणीतरी घड्याळ पाहिले. किटली तिथेच होती. तिच्या तोंडातून निघणारी वाफ हळूहळू कमी होत गेली, आणि कप पालथेच राहिले.